मागे यायची कळ

"शी! आधी पुसा ते."

आमच्या सरांशी कुणाचीही पहिली ओळख ह्याच वाक्याने व्हायची. समोर विद्यार्थी असो, दुकानदार असो, नाहीतर विद्यापीठातून आलेला परीक्षक असो, त्याच्या हातातल्या कॅल्क्युलेटरकडे सर गटारात पडलेल्या चपलेकडे बघावं तसे बघायचे. नाक आक्रसायचे, दोन पावलं मागे सरायचे आणि बुशशर्टाच्या खिशातून स्वतःचा रुमाल काढून पुढे करायचे.

आता तो रुमाल तुम्ही बघायला हवा होता. सर तपकीर ओढत. तीही चिमूटभर नाही, चांगली मनसोक्त. तासाच्या आधी, तासाच्या नंतर आणि एखादं गणित फळ्यावर अडलं की मधेही. त्यामुळे तो रुमाल मुळात कोणत्या रंगाचा होता हे सांगणं अवघड होतं. मी त्याला पांढरा कधी पाहिला नाही. चहाच्या गाळणीसारखा त्याचा रंग झालेला असे. आणि हा माणूस त्या रुमालाने इतरांच्या वस्तू स्वच्छ करवून घ्यायचा! मुलं दोन बोटांत रुमालाचं टोक धरायची, कॅल्क्युलेटरवरून फिरवल्यासारखं करायची आणि बाहेर जाऊन नळाखाली हात धुवायची. मीही धुतलेत.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. नाशिकमध्ये तेव्हा नव्याने एक खासगी इंजिनिअरिंग कॉलेज निघालं होतं. कॉलेज म्हणजे काय, तर द्राक्षाच्या बागा तोडून केलेल्या मोकळ्या जागेत चार पत्र्याच्या शेड आणि एक भलंमोठं प्रवेशद्वार. इमारतीच्या आधी प्रवेशद्वार बांधलेलं कॉलेज बघून जे वाटायला हवं ते मला पहिल्याच दिवशी वाटलं होतं, पण नोकरी हवी होती. मी गणिताची नवखी लेक्चरर, सर गणिताचे विभागप्रमुख. विभागात आम्ही दोघंच, मधे एक टेबल आणि टेबलावर तपकिरीची डबी.

त्या काळी इंजिनिअरिंगला लागलेल्या मुलाच्या घरात पहिला प्रश्न असायचा तो कॅल्क्युलेटरचा. लॉग टेबलची पुस्तकं हळूहळू मागे पडत होती. मेन रोडच्या दुकानांतून काचेखाली कॅल्क्युलेटर मांडलेले असत आणि त्यांच्याकडे मुलं जशी बघत तसं त्या वयात दुसरं काहीच बघत नसावीत. कुणाचा मनमाडचा रेल्वेतला मामा मुंबईहून 'फॉरेनचा पीस' आणून द्यायचा. कुणी मनगटी घड्याळातला आणायचं, कुणी बटण दाबलं की सूर काढणारा. गणित येवो न येवो, खिशातून डोकावणारं यंत्र झकपक हवं. मला त्या सगळ्या दिखाऊपणाचा भयंकर तिटकारा होता. सरांना माझ्याहून जास्त होता, म्हणून तर आमचं जमलं.

घड्याळातला कॅल्क्युलेटर दाखवायला आलेल्या मुलाला सर म्हणाले होते, "शी! ह्याच्या कळा मुंग्यांसाठी केल्यात. तू मुंगी आहेस का?"

गाणारा कॅल्क्युलेटर त्यांनी कानाशी धरला, सगळे आकडे एकेकदा वाजवून घेतले आणि परत दिला. "वरातीत ने."

पण मुलं आणायची. विकत घेण्याआधी दुकानातून 'दाखवून आणतो' म्हणून आणायची, कारण सरांनी नापास केलेलं यंत्र घ्यायची कुणाची हिंमत नव्हती. सरांची परीक्षा ठरलेली. आधी दोन अधिक तीन गुणिले चार. उत्तर वीस आलं की, "शी! ह्याला आधी काय करायचं ते कळत नाही. भाजी मोजायला ठेवा." चौदा आलं तर पुढे. मग तिसाचा साइन. मग दोनाचं वर्गमूळ, त्याचं वर्गमूळ, त्याचंही वर्गमूळ असं खोल विहिरीत उतरत जायचं आणि तितक्याच वेळा वर्ग करत वर यायचं. वर आल्यावर पडद्यावर दोन दिसले तर ठीक. एक पूर्णांक नऊ नऊ नऊ दिसलं की सर यंत्र उलटं करून टेबलावर ठेवायचे.

"दोन दिले होते मी. परत किती दिले ह्याने? चोर आहे."

ह्या सगळ्यातून पार पडलेल्या यंत्राला शेवटचा प्रश्न असायचा आणि तो नाशकातल्या एकाही दुकानदाराला कळायचा नाही. "मागे यायची कळ आहे का?"

मलाही कळला नव्हता. मी नोकरीला लागले तेव्हा सरच मला मेन रोडला घेऊन गेले होते. दुकानदाराने सरांना बघताच काउंटरवर स्वतःचं फडकं आणून ठेवलं, म्हणजे त्यांचा रुमाल बाहेर निघायला नको. तरी तो निघालाच. मी आवडलेला एक कॅल्क्युलेटर उचलला, तर सर म्हणाले, "ह्याला मागे यायची कळ नाही. चुकलात तर सगळं पुसून पहिल्यापासून."

"सर, मी चुकणारच नाही," मी म्हटलं. एम.एस्सी.चं सुवर्णपदक अजून ताजं होतं.

"दाबा. त्रेपन्न."

मी दाबले.

"अठ्ठ्याहत्तर. पंचेचाळीस. सत्तेचाळीस."

सत्तेचाळीसला माझं बोट सरळ सातावर गेलं, दाबलं गेलं, आणि मी तशीच थांबले.

सर हसले नाहीत. म्हणाले, "बाई, तुमचीसुद्धा जीभ मराठीच आहे. आपण सत्तेचाळीस म्हणतो. तोंडात सात आधी येतात, चाळीस मागून. वहीत चालतं, सात लिहायचे आणि डावीकडच्या जागेत चार बसवायचे. निम्मी पोरं तशीच लिहितात, बघा कधीतरी. पण यंत्रात डावीकडे जागा नसते. एकदा दाबलं की दाबलं. इंग्रजी शाळेतला फोर्टी सेव्हन म्हणतो, त्याचं बोट बरोबर चारवर जातं. आपलं सातवर जातं. मग आपल्याला एक तरी अशी कळ नको का, की फक्त शेवटचा आकडा मागे घेता येईल?"

मी मागे यायची कळ असलेलं यंत्र घेतलं. दुकानदाराने ते खोक्यात घालण्याआधी सरांनी ते रुमालाने आवर्जून पुसून दिलं. रस्ताभर त्याला तपकिरीचा वास येत होता. घरी गेल्यावर मी ते स्पिरिटने पुसलं आणि वैतागाने आईला सांगितलं, की एवढा शहाणा माणूस इतका घाणेरडा कसा असू शकतो?

पुढे वर्गात मी मुलांचे हात बघायला लागले. सर म्हणाले ते खरं होतं. सातपूरच्या कामगार वसाहतीतून येणारी एक मुलगी होती आमच्याकडे. वडील कारखान्यात फिटर, वस्तीतल्या बुद्धविहारात तिच्या प्रवेशाचे पेढे वाटले होते, आणि तिचं सगळं शिक्षण म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेत झालेलं. गणितात अशी तल्लख, की प्रश्न संपायच्या आत रीत सांगून मोकळी. पण उत्तरं चुकायची. एकदा रडवेली होऊन विभागात आली.

"सर, मशीन बिघडलंय. मी सत्तेचाळीस सांगते, ते चौऱ्याहत्तर दाखवतं."

"शी! आधी पुसा ते," सर म्हणाले. मग तिच्याकडून यंत्र घेऊन उलटसुलट बघितलं. कुणा नातेवाइकाचं जुनं होतं, मागे यायची कळ नव्हती. "मशीन ठीक आहे, आणि तूही ठीक आहेस. तुमचं दोघांचं एकमेकांशी जमत नाही. दुसरं बघू."

दुसरं बघायला सर तिच्यासोबत आणि तिच्या वडिलांसोबत दोन रविवार मेन रोडला हिंडले. शेवटी एक काळपट, ओबडधोबड, कुणी ढुंकूनही बघणार नाही असं यंत्र त्यांनी पास केलं. ती मुलगी ते ओढणीच्या टोकात गुंडाळून आणायची. पुढच्या परीक्षेत तिची उत्तरं बरोबर यायला लागली. सरांनी तिचे पेपर मला तीन-तीनदा दाखवले आणि प्रत्येक वेळी त्यांवर तपकीर सांडली.

आता मला ज्या प्रकाराची अजूनही शिसारी येते तो सांगते.

संस्थेच्या अध्यक्षांचा एक पुतण्या होता. कॉलेजात त्याचं नेमकं काम काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण तो सगळीकडे असायचा. गळ्यात साखळी, तोंडात पानमसाला, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात. त्याने कुठून तरी कॅल्क्युलेटरचा मोठा माल उचलला. हलका माल, उन्हावर चालणारा, सावलीत नेला की आकडे मावळणारा. तो सगळ्या मुलांनी संस्थेकडूनच घ्यायचा आणि परीक्षेला तेवढाच चालेल असा बेत ठरला. प्रत्येक यंत्राला प्लॅस्टिकचं झाकण होतं आणि झाकणावर अध्यक्षांचा हसरा चेहरा छापलेला होता. खोटं वाटेल, पण मी तो चेहरा हातात धरलेला आहे.

पुतण्या आमच्या विभागात आला आणि सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सर, काका विचारत होते, पुढच्या वर्षाचं काय. तुमचं वय झालं असं बाकीचे म्हणतात हो, आम्ही नाही म्हणत. तुमच्यासारखी माणसं संस्थेला हवीतच. फक्त परवाच्या आपल्या कॅल्क्युलेटरच्या कार्यक्रमात दोन चांगले शब्द बोला. पोरं तुमचं ऐकतात."

सरांना दरवर्षी मुदतवाढ मिळायची आणि ती अध्यक्षांच्या मर्जीवर होती. पुतण्या गेल्यावर सरांनी खांदा रुमालाने झटकला. मला वाटलं, आता 'शी' येणार. आली नाही.

"बाई, घरी बसून मी काय करू?" ते म्हणाले. "पंचवटीत दोन खोल्या, त्यात मी आणि बहीण. तिला ऐकू येत नाही. भिंतीला डिफरन्सिएशन शिकवू?"

त्या माणसाचा फळा काढून घेतला तर मागे फक्त तपकीर उरली असती.

कार्यक्रम सगळ्यात मोठ्या शेडमध्ये झाला. पत्रा तापलेला, झेंडूचे हार, घाम आणि पानमसाला असा एकत्र वास. अध्यक्ष व्यासपीठावर, त्यांच्यासमोर त्यांच्याच चेहऱ्यांचा ढीग. पुतण्याने यंत्र उंच धरून सगळ्यांना दाखवलं आणि काही शंका आहेत का, असं उगाच विचारलं. कुणी विचारील असं त्याला वाटलं नव्हतं. ती सातपूरची मुलगी उभी राहिली.

"सर, ह्याच्यात मागे यायची कळ कुठंय?"

"मागे कशाला यायचं?" पुतण्या म्हणाला. "आपल्या संस्थेत फक्त पुढे जायचं!"

टाळ्या पडल्या. अध्यक्षही हसले. मुलगी खाली बसली.

मग सरांना बोलावलं. सर व्यासपीठावर गेले, त्यांच्या हातात एक यंत्र दिलं गेलं. त्यांनी ते पुसलं नाही. इतक्या दिवसांत सरांनी न पुसता हातात घेतलेलं मी पाहिलेलं ते पहिलं यंत्र. माइकसमोर उभे राहून ते म्हणाले, "यंत्र चांगलं आहे."

एवढंच. खाली उतरले आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेने दाराकडे चालू लागले. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही, म्हणून मुलांकडे बघत होते. मुलं पायांकडे बघत होती. त्या मुलीची खुर्ची वाटेच्या कडेला होती. तिने सरांना जायला जागा व्हावी म्हणून पाय आत घेतले. मान खाली घालून आदराने घेतले, दुसरं काही केलं नाही.

सर दारापर्यंत गेले. तिथे त्यांनी डबी काढली, तपकीर ओढली आणि सबंध शेडला ऐकू जाईल अशी एक शिंक दिली. मग वळले आणि त्याच वाटेने परत आले. व्यासपीठावर तोवर पुतण्याने आभार मानायला सुरुवात केली होती. सरांनी त्याच्या हातातून माइक घेतला.

"माझं मघाचं वाक्य चुकलं," ते म्हणाले. "शेवटचं तेवढं मागे घेतो."

मग खिशातून तो रुमाल निघाला. सरांनी ढिगातलं वरचं यंत्र उचललं आणि झाकण सावकाश, चारी कोपऱ्यांपर्यंत पुसलं. अध्यक्षांच्या हसऱ्या चेहऱ्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत तपकिरी पट्टा उमटला. सरांनी ते हात लांब करून धरलं, नीट बघितलं, नाक आक्रसलं.

"शी!"

मग मागच्या रांगेतून सटाण्याकडचा एक मुलगा म्हणाला, "शी!" मग त्याच्या शेजारचा. मग अख्खी शेड. मी शिक्षकांच्या रांगेत होते, शेजारी प्राचार्य बसले होते, आणि मी अगदी मनापासून, पोटातून म्हटलं, "शी!" आयुष्यात इतकं स्वच्छ वाटल्याचं मला दुसरं आठवत नाही.

सक्तीचा विषय त्या शेडमध्येच संपला. माल कोठीत पडून राहिला, उंदरांनी अध्यक्षांचे कान कुरतडले. सरांना मुदतवाढ मिळाली नाही. 'वयाचा विचार करून' असं पुतण्याने येऊन सांगितलं, ह्या वेळी खांद्यावर हात न ठेवता. निरोपसमारंभात शाल दिली, नारळ दिला आणि संस्थेची आठवण म्हणून तेच यंत्र दिलं, तेच झाकण घातलेलं. माणसं इतकी निर्लज्ज असू शकतात ह्याचा मला आजही अचंबा वाटतो. सरांनी शाल घेतली, नारळ घेतला. यंत्र खुर्चीवर तसंच राहिलं.

ते बहिणीला घेऊन वणीला भाच्याकडे गेले. मला वाटलं, आता संपलं. पण सुट्टीच्या दिवशी मुलं घरी 'देवीला जातो' असं सांगून वणीची एस.टी. पकडायला लागली. देवीला जातही असतील. सोमवारी वर्गात कुणाच्या तरी नव्या कॅल्क्युलेटरच्या फटींत तपकीर दिसली की मी समजायची, की हा पास झाला. ती सातपूरची मुलगी पहिला पगार झाल्यावर गेली होती. सरांनी तिला दारातच विचारलं म्हणे, "ते यंत्र अजून चालतं का?" तिने ओढणीतून काढून दाखवलं. मग आधी पुसायला लागलंच.

सर गेल्याचं मला तिनेच कळवलं. पेढ्यांच्या दुकानाशी भेटली, म्हणाली, "मॅडम, सर गेले." आणि आम्ही दोघी तिथेच, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, काही न घेता उभ्या राहिलो. घरी येऊन मी खूप रडले.

त्यानंतर काही महिन्यांनी माझ्या कॅल्क्युलेटरची मागे यायची कळ अडकायला लागली. दाबली तर वर येईना. मी तो सातपूरला एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने पाठ उघडली, कळांखालचं रबर उचललं आणि आत वाकून बघितलं. बघता बघता त्याला सटकन शिंक आली. मग दुसरी. डोळ्यांत पाणी.

"शी! मॅडम, काय भरलंय हे आत?" त्याने चिमटीत थोडी भुकटी घेऊन नाकाशी धरली आणि माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. माझी नीट नेसलेली साडी, पर्स, चष्मा. "तपकीर? तुम्ही तपकीर ओढता?"

"हो," मी म्हटलं.